परसातील कोंबडा : प्रजनन व अंड्यांची फलनक्षमता (विदर्भ)

विदर्भाच्या खेड्यांत परसात मोकळ्या चरणाऱ्या गावरान कोंबड्यांच्या कळपातील नराचे प्रजनन-वर्तन आणि त्यावर अवलंबून असणारी अंड्यांची फलनक्षमता यांचा येथे विचार केला आहे. अंडी देण्यासाठी कोंबड्याची गरज नसते. पिल्ले हवी असतील तरच तो लागतो. वयात येत असलेल्या मादीस तलंग व अंड्यांवर बसू पाहणाऱ्या मादीस खुडूक म्हणतात. गोंडीत कोंबडीला ‘कोर’ असा शब्द आहे.

पाळीव कोंबडीच्या उगमाविषयी एकमत नाही. लाल रानकोंबडा हाच एकमेव पूर्वज, असे चार्ल्स डार्विन यांनी १८६८ मध्ये मांडले. सिंधू संस्कृतीच्या स्थळांवरील हाडांमुळे उगमाचा मान बराच काळ भारताला दिला जाई. २०२० मध्ये ८६३ पक्ष्यांच्या जनुकसंचांच्या अभ्यासातून मात्र नैर्ऋत्य चीन, म्यानमार व उत्तर थायलंड या पट्ट्यातील लाल रानकोंबड्याची उपजाती मुख्य पूर्वज ठरली. थायलंडमधील बान नॉन वाट येथील हाडे साधारण इ. स. पू. १६५० ते १२५० या काळातील मानतात. चीनमधील दहा हजार वर्षांपूर्वीच्या पाळीव कोंबडीचा दावा त्यामानाने दुबळा दिसतो. डार्विन यांचे मतही पूर्णतः टिकलेले नाही, कारण पिवळ्या कातडीचे जनुक करड्या रानकोंबड्याकडून आल्याचे २००८ मध्ये दाखवले गेले. हा करडा रानकोंबडा मेळघाटात आढळतो, आणि लाल व करड्या जातींच्या प्रसाराच्या कडा मध्य भारतातच एकमेकींना भिडतात. त्यामुळे गावरान कोंबडीत स्थानिक रानरक्त असावे ही समजूत असंभवनीय नाही. मात्र पिवळ्या पायांवरून ती सिद्ध होत नाही. तो रंग जगभरच्या व्यापारी जातींतही आहे.

कोंबडा साधारणतः ५ ते ६ महिन्यांत वयात येतो. एक पंख जमिनीकडे सोडून तो मादीभोवती अर्धवर्तुळ घेतो. दाणा सापडला की तो उचलून पुन्हा टाकत, कुटकुट आवाज करत तिला बोलावतो. मादी दबून बसली की पाठीवर चढून मानेची पिसे चोचीत धरतो. त्याला शिश्न नसते. दोघांचे अवस्कर (विष्ठा, रेत वा अंडे बाहेर पडण्याचे एकच द्वार) क्षणभर टेकतात आणि तेवढ्यात रेत दिले जाते. हे मीलन दिवस कलताना अधिक होते. सकाळी अंडवाहिनीत कवच धरलेले अंडे असल्याने शुक्राणूंची वाट अडते, हे त्याचे एक कारण मानतात. आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो. नर जास्त झाले की माद्यांच्या पाठी उघड्या पडतात.

फलनाची खरी किल्ली मादीच्या शरीरात आहे. अंडवाहिनीत गर्भाशय व योनी यांच्या सांध्याशी सूक्ष्म नलिका असतात आणि त्यांत शुक्राणू दोन ते तीन आठवडे जिवंत राहतात. भरवशाचा काळ मात्र आठ-दहा दिवसांचाच धरावा. बलक अंडवाहिनीच्या नरसाळ्यासारख्या तोंडात उतरल्यावर, त्यावर पांढरा थर चढण्यापूर्वी, सुमारे पाव तासात फलन होते. म्हणून कोंबडा विकला तरी पुढच्या आठवड्यातील अंडी उबवता येतात, आणि नवा आणला तरी लगेच मिळालेली पिल्ले त्याचीच असतील असे नाही. टॉमासो पिझारी व टिम बर्कहेड या जीवशास्त्रज्ञांनी २००० मध्ये दाखवले की कळपात खालच्या दर्जाच्या नराचे रेत मादी बऱ्याचदा बाहेर टाकते. कळपात कोंबडे अनेक असले, तरी निवड नरांच्या झुंजीवरच संपत नाही.

विदर्भात एप्रिल-मेमध्ये पारा ४५° से.च्या आसपास जातो. उष्णतेने रेताचे प्रमाण व शुक्राणूंची हालचाल घटते. नवे शुक्राणू तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागत असल्याने ऊन उतरल्यावरही परिणाम काही दिवस रेंगाळतो. त्याहून फसवी गोष्ट साठवणीची. साधारण २० ते २७° से.च्या वर (नेमक्या अंकाबाबत मतभेद आहेत) फलित अंड्यातील गर्भ उबेशिवायच वाढू लागतो. उन्हाळ्यात टोपल्यात पडून राहिलेल्या अंड्यात तो अर्धवट वाढून मरतो. उबवायला ठेवल्यावर सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात धरले असता रक्तवाहिन्यांचे जाळे दिसत नाही आणि अंडे ‘रिकामे’ ठरते. फोडून पाहिल्यास कधीकधी भेद कळतो : अफलित अंड्याच्या बलकावर लहान, भरीव पांढरा ठिपका असतो, तर फलित अंड्यावर कडे असलेली गोल चकती. एवढे न पाहताच कोंबडीला वांझ ठरवून बाजारात नेणे हा तिच्यावर अन्याय होय. अंडी ओल्या वाळूवरील मडक्यात ठेवावीत व आठवड्याच्या आत बसवावीत. खाली कुटार (मळणीनंतरचा भुसा) की धानपट्ट्यातील तणस (भाताचा पेंढा), याने फारसा फरक पडत नाही.

तुऱ्याचाही संबंध आहे. गुलाबासारख्या चपट्या, दाणेदार तुऱ्याचे जनुक आई व बाप दोघांकडून आलेल्या नरात शुक्राणूंची हालचाल मंद असते. एकेरी, उभ्या तुऱ्याच्या नरात हा दोष नसतो.

नर निवडताना तब्येत पाहिली जाते, पण तब्येतीचा नरच नवसाला वा पाहुण्यासाठी आधी जातो. गडचिरोली-चंद्रपूरकडील कोंबड बाजारासाठीही (कोंबड्यांच्या झुंजींसाठी) असेच नर उचलले जातात. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने अशा झुंजी बेकायदा आहेत. मागे राहणाऱ्या नरांवर वंश चालतो आणि तेच बहुधा सख्खे भाऊ असल्याने जवळच्या नात्यातील संकर वाढतो. दर दोन वर्षांनी दुसऱ्या गावचा कोंबडा आणणे हा त्यावरील सोपा उपाय होय. वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराजा या सुधारित जातींचे नरही कळपात सोडले जातात. मात्र या जातींच्या माद्या क्वचितच खुडूक होतात. त्यांची अंडी गावरान कोंबडीखालीच बसवावी लागतात.