दहा मीटरची एअर रायफल की पन्नास मीटरची पॉइंट टू-टू? खिशाला हात घालण्याआधी

१ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळेने ऑलिंपिकचं कांस्यपदक घेतलं आणि पुढचे कित्येक महिने नेमबाजीच्या रेंजवर येणाऱ्या पालकांचा एकच प्रश्न असायचा: "स्वप्नीलची असते तशी रायफल कितीला पडेल?" हे विचारताना ते ज्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उभे असत, त्याच्या समोर १० मीटरची रेंज असे आणि तिथे एअर रायफल चालू असे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नीलला पदक मिळालं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे पॉइंट टू-टू (०.२२ इंच कॅलिबरच्या) रायफलने तीन वेगवेगळ्या स्थितींतून मारायच्या प्रकारात. अभिनव बिंद्राचं २००८ चं सुवर्ण आणि गगन नारंगचं २०१२ चं कांस्य मात्र १० मीटर एअर रायफलचं. टीव्हीवर तिन्ही वेळा जाड जॅकेट घातलेला माणूस आणि विचित्र आकाराची रायफल एवढंच दिसतं, त्यामुळे हा गोंधळ होणं अगदी स्वाभाविक आहे. पण याच गोंधळातून लोकांचे लाखभर रुपये चुकीच्या जागी जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक गोष्ट आधीच बाजूला काढू. यूट्यूबवर दुर्बीण लावलेल्या रायफलने हजार मीटरवरची पोलादी पाटी वाजवणारे व्हिडिओ असतात. ते बघून 'लाँग रेंज' करायचंय म्हणून येणारी तरुण मुलं बरीच आहेत. आपल्याकडे सामान्य नागरिकाला तो रस्ता जवळपास बंद आहे. लष्करी कॅलिबर (नळीची मापं) नागरिकांसाठी निषिद्ध आहेत आणि ३०० मीटरचा प्रकार मुख्यतः सेनादलांचे नेमबाज खेळतात. तेव्हा लांबचा पल्ला म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी ५० मीटर. आणि ५० मीटर हे अंतर ऐकायला वाटतं तितकं जवळचं नाही.

एअर रायफलमधून ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. तो सपाट तोंडाचा असतो, त्यामुळे कागदी टार्गेटवर गोल, स्वच्छ भोक पडतं. आजच्या मॅच रायफलीत दाबलेल्या हवेचं सिलिंडर असतं आणि छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटरच्या वेगाने निघतो. त्याची ऊर्जा सात-आठ ज्यूल. पॉइंट टू-टूमध्ये मात्र दारू असलेलं खरं काडतूस असतं. गोळी ५.६ मिलिमीटरची, वेग सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास, ऊर्जा एकशे तीस-चाळीस ज्यूल. म्हणजे जवळजवळ सतरा-अठरा पट. ही गोळी मोकळ्यावर सुटली तर किलोमीटरच्याही पुढे जाते. त्यामुळे कायदाही दोघींना वेगळं वागवतो.

शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. दुकानदार ओळखपत्र आणि वयाचा पुरावा मागेल तो द्यायचा. पॉइंट टू-टू हे १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचं अग्निशस्त्र आहे. त्याला परवाना लागतो, पोलीस पडताळणी होते आणि किती काडतुसं बाळगायची यालाही मर्यादा असते. परवान्यासाठी वयाची सर्वसाधारण अट २१ वर्षांची आहे. नेमबाजी शिकणाऱ्या लहान मुलांसाठी नियमांत सवलत आहे, पण ती देखरेखीखालच्या सरावापुरती. म्हणून 'मुलगा पंधराचा आहे, पॉइंट टू-टू घेऊन टाकतो' हे वाक्य कुणी म्हणालं, की मी त्यांना आधी खुर्चीवर बसवतो.

आता अवघड कोणती? नवशिक्याला एअर रायफलच अवघड वाटते, कारण तिच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे वीसपट मोठं. पण गुण देताना भोकाची कड वर्तुळाला टेकली तरी पुरते, हे लक्षात घ्या. ४.५ मिलिमीटरच्या छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटर सरकला तरी दहा मिळतात. पॉइंट टू-टूच्या गोळीला त्याच दहासाठी आठ मिलिमीटरची सूट आहे. आता अंतराने भागा. दहा मीटरवर अडीच मिलिमीटर म्हणजे मीटरमागे पाव मिलिमीटर. पन्नास मीटरवर आठ म्हणजे मीटरमागे ०.१६. नळीच्या तोंडाशी जेवढी चूक एअर रायफल पोटात घालते, त्याच्या दोन तृतीयांशच चूक पॉइंट टू-टूला चालते. स्टँडिंगमध्ये, म्हणजे उभं राहून मारताना, हा फरक छळतो. दहा मीटरला ज्याचा होल्ड (नेम स्थिर धरून ठेवणं) दहाच्या आत बसतो, तोच मुलगा पन्नास मीटरला उभा राहिला की आठ-नऊ मारायला लागतो. रायफलमध्ये दोष आहे असं त्याला वाटतं. दोष नसतो, मापच कडक झालेलं असतं.

आणि मग वारा. दहा मीटरची रेंज बंदिस्त असते, छर्रा साधारण सहा शतांश सेकंदात पोचतो, वाऱ्याचा प्रश्नच येत नाही. पन्नास मीटरला फायरिंग लाइनवर छप्पर असलं तरी मधला पट्टा उघडा असतो आणि गोळी तिथे सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा घालवते. त्या टार्गेटवर एका रिंगचं अंतर आठ मिलिमीटर. आडवा वारा जरा जोरात असला की गोळी दोन-तीन रिंग सहज सरकते. म्हणून लेनच्या कडेला छोटे झेंडे लावलेले असतात. चांगला नेमबाज सायटर (गुण न धरले जाणारे सुरुवातीचे चाचणी शॉट) मारताना फक्त केंद्र शोधत नाही, झेंडा कोणत्या स्थितीत असताना गोळी कुठे लागते हे बघून ठेवतो. मग एक स्थिती ठरवतो आणि झेंडा त्या स्थितीत येईपर्यंत थांबतो, नाहीतर साइटचे क्लिक बदलून मारतो. पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर सकाळी आणि दुपारी सलग बसून बघा, तीच लेन आणि तीच रायफल असूनही दोन वेळचे ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचे पुंजके) वेगळे दिसतील. हे कौशल्य एअर रायफलवर कितीही वर्षं घालवली तरी येत नाही, आणि माझ्या मते ५० मीटरचा सगळा रस यातच आहे.

शरीराची बाबही निराळी. एअर रायफल फक्त उभं राहून मारायची: ६० शॉट, सव्वा तास. थ्री पोझिशनमध्ये नीलिंग (गुडघ्यावर बसून), प्रोन (पोटावर झोपून) आणि स्टँडिंग, प्रत्येकी २० शॉट, दीड तासात. प्रत्येक पोझिशनला बट (खांद्याला टेकणारा भाग), हँडस्टॉप (पुढचा हात अडवणारा तुकडा) आणि साइटची उंची वेगळी लावावी लागते आणि ते बदलण्याचा वेळही त्याच दीड तासातून जातो. प्रोन आणि नीलिंगला स्लिंग वापरता येते. दंडाला बांधलेला तो पट्टा रायफलचं वजन हाडांवर घेतो, स्नायू मोकळे राहतात. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत स्वप्नीलचे ४५१.४ गुण झाले ते आधी नीलिंग, मग प्रोन, मग स्टँडिंग असे तिन्ही टप्पे पार करून. प्राथमिक फेरीत तो ५९० गुणांसह सातवा होता.

खर्चाचं गणित इथूनच सुरू होतं. बजेट मर्यादित असेल तर सुरुवात १० मीटरनेच करा, त्यात माझं दुमत नाही. पण पहिल्या वर्षी रायफल विकत घेऊ नका. परदेशी बनावटीची मॅच एअर रायफल काही लाखांच्या घरात जाते. तेवढे पैसे घातल्यावर प्रशिक्षकाची फी, रेंजचं शुल्क आणि छर्रे यांत काटकसर सुरू होते, आणि गुण तर नेमके त्यांनीच वाढतात. बहुतेक क्लबांत शिकाऊ मुलांसाठी क्लबची रायफल असते. ती वापरा. घ्यायचीच असेल तर भारतीय बनावटीची साधी रायफल घ्या. आपल्याकडच्या स्पर्धांत ओपन साइट हा वेगळा गट असतो, त्यात पीप साइटशिवाय (बारीक भोकातून बघायच्या साइटशिवाय) उतरता येतं आणि स्पर्धेत उभं राहण्याची सवय लागते.

जुनी मॅच रायफल स्वस्तात मिळत असेल तर नळी बघण्याआधी हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख बघा. बऱ्याच उत्पादकांनी सिलिंडरला दहा वर्षांची मुदत दिलेली असते. मुदत संपलेलं सिलिंडर २०० बारच्या दाबाने भरणं धोक्याचं आहे आणि ते नवीन घ्यायचं म्हटलं की 'स्वस्त' सौदा तितकासा स्वस्त राहत नाही. विकणारा हे आपणहून सांगेलच असं नाही.

पैसे घालायचेच असतील तर बूट आणि जॅकेटमध्ये घाला, तेही उंची वाढण्याचं थांबल्यावर. वाढत्या वयाच्या मुलाला मापाचं जॅकेट शिवलं तर ते वर्ष-दीड वर्षात आखूड होतं. क्लबातल्या मोठ्या मुलांची जॅकेटं लहानांकडे जातात, ती पद्धत चांगली आहे; फक्त जाडी नियमात आहे का ते तपासून घ्या, कारण कापडाचा एक थर २.५ मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही.

सगळ्यात स्वस्त सराव घरात होतो. रिकाम्या रायफलने भिंतीवरच्या टार्गेटवर होल्ड, श्वास, ट्रिगर आणि ट्रिगरनंतर रायफल तशीच धरून ठेवणं, हे रोज वीस मिनिटं करा. खोली छोटी असेल तर टार्गेटही त्याच प्रमाणात छोटं करा: १० मीटरच्या टार्गेटचा काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा असतो, तर पाच मीटरवर तो सव्वापंधराचा काढायचा. साइटमधून चित्र तसंच दिसतं. एअर रायफलमध्ये बहुधा ड्राय फायरची (छर्रा न घालता ट्रिगर ओढण्याची) सोय असते. पॉइंट टू-टूमध्ये मात्र रिकाम्या चेंबरवर खटका ओढत राहिलात तर फायरिंग पिन आणि चेंबरची कड दोन्ही खराब होऊ शकतात. त्यासाठी उत्पादकाने सांगितलेला वेगळा भाग किंवा वापरलेल्या काडतुसाचं रिकामं आवरण घालावं लागतं.

पॉइंट टू-टूचा खर्च रायफलीपेक्षा गोळ्यांनी होतो, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. ५०० छर्ऱ्यांचा डबा घेतला की आठवडाभराचा सराव निघतो. मॅच दर्जाची काडतुसं त्याच्या कित्येक पट महाग पडतात आणि ती आयात करावी लागतात. शिवाय प्रत्येक नळीची आवड वेगळी. एकाच कंपनीच्या दोन लॉटमधल्या गोळ्या एकाच रायफलमधून वेगवेगळा ग्रुप देतात, म्हणून थोड्या गोळ्या मारून लॉट तपासायचा आणि जमला तो एकदम घ्यायचा. तिथेही परवान्यावरची मर्यादा आडवी येते.

मग पन्नास मीटरकडे कधी वळायचं? पुष्कळ जण १० मीटरला चौथी आणि ५० मीटरला पाचवी इयत्ता मानतात. तसं नाही. अंजली भागवत यांच्यासारखे नेमबाज दोन्हीकडे खेळले, पण अनेकांना आयुष्यभर एकच मानवतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं ते ५० मीटर प्रोनमध्ये, पोटावर झोपून. एखादा मुलगा उभं राहिल्यावर डगमगतो, पण झोपून मारायला लावलं की तासभर न हलता वारा वाचत बसतो. असा मुलगा तुमचा असेल तर ते लवकर कळलेलं बरं. प्रोन ऑलिंपिकमध्ये राहिलेलं नाही, पण राष्ट्रीय स्पर्धांत आहे, आणि तीन पोझिशनपेक्षा त्यात शिकायचं सामान कमी आहे. १० मीटरला पाया पक्का झाला की क्लबच्या पॉइंट टू-टूवर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली काही दिवस प्रोन मारून बघायला सांगा. मुंबईला वरळीची रेंज आहे, पुण्यात बालेवाडी, कोल्हापुरात दुधाळी. क्लबची फी भरण्याआधी तिथे तीन गोष्टी विचारा: ५० मीटरच्या लेन चालू आहेत का, शिकाऊंसाठी क्लबच्या परवान्यावरची रायफल उपलब्ध आहे का आणि गोळ्या क्लब देतो की तुम्हाला आणाव्या लागतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर महिन्याचा खर्च किती होईल ते लिहून मागा.