गोव्याची पोर्ट वाइन शोकेसमध्ये मुरत नसते

गोव्याहून परतताना मडगाव स्टेशनवर घेतलेली पोर्ट वाइनची बाटली दादर-गिरगावातल्या किती शोकेसमध्ये धूळ खात असेल, देव जाणे. का ठेवलीय विचारलं, तर उत्तर ठरलेलं: “अहो, वाइन जितकी जुनी तितकी भारी!”

ही समजूत आली असावी खऱ्या पोर्टवरून. ती पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली. त्या प्रदेशाची हद्द 1756 सालीच आखली गेली. तिथे रस आंबत असतानाच द्राक्षांपासून गाळलेली कडक दारू मिसळतात. आंबणं थांबतं, साखर उरते, अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास जातं. त्यातही बाटलीत दशकानुदशकं सुधारते ती मुख्यतः ‘व्हिंटेज’, म्हणजे एकाच खास वर्षाच्या द्राक्षांची पोर्ट. पिंपात मुरलेली ‘टॉनी’ बाटलीत भरली की प्यायला तयार.

आपली गोवन पोर्ट म्हणजे बहुतेकदा गोड केलेली साधी लाल वाइन. द्राक्षंही बहुधा गोव्याबाहेरची. मुंबईच्या मे महिन्यात, टीव्हीशेजारी, ती मुरत नाही, उतरते. (लोणचं आहे का ते!) आणलीत की थंड करून बेबिंका या गोव्याच्या थरांच्या मिठाईबरोबर प्या, उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवा. आणि पाच वर्षं जपलेली असेल, तर पाहुण्यांना देण्याआधी एक घोट स्वतः घेऊन बघा.