‘एका घासाने काय होतंय?’

सीलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन न चालणारा आजार) असलेल्याला हे हमखास ऐकवलं जातं. वर पुस्ती, "थोडं थोडं खा, सवय होईल." सवय कसली! हा स्वयंप्रतिकार आजार आहे. ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षक यंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावरच तुटून पडते. पोट दुखलं नाही तरी आत नुकसान चालू असू शकतं. ‘ग्लुटेनमुक्त’ची आंतरराष्ट्रीय मर्यादाच किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे. त्यामुळे गव्हाच्या पावाचा चुरा लागलेली सुरी लोण्याच्या डब्यात बुडवली, की तो डबा यांच्यासाठी बाद. आणि हो, या आजाराच्या रक्ततपासणीआधी मनानेच गहू बंद करू नका. तपासणीत शोधली जाणारी प्रतिपिंडं (संरक्षक यंत्रणेने बनवलेली प्रथिनं) घटतात अन् आजार असूनही अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो.