फळे-भाज्यांची पूड (पूरक आहार)

फळे, पालेभाज्या किंवा कंद यांतील पाणी काढून उरलेला भाग दळून केलेली, पाण्यात, ताकात वा दुधात कालवून घ्यायची भुकटी. बाजारात ती 'ग्रीन्स', 'सुपरफूड' अशा नावांनी डब्यात किंवा कॅप्सूलमध्ये भरून मिळते. कधी ती एकाच वनस्पतीची असते (शेवगा, आवळा, बीट, गव्हांकुर), तर कधी वीस-तीस जिन्नस एकत्र केलेली. भाजी-फळे वाळवून कुटणे आपल्याकडे नवे नाही. आवळकाठी वर्षभर ठेवायची, हिरडा-बेहड्याबरोबर कुटून वस्त्रगाळ करायची, हे घरोघरी चालत आले आहे. नवे आहे ते एवढेच, की ताटातल्या भाजीची जागा चमचाभर पूड घेईल असे आता सांगितले जाते.

हे कितपत खरे, याचा हिशेब साध्या गुणाकाराने लागतो. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खायला सांगते. बहुतेक भाज्यांत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. म्हणजे ४०० ग्रॅम भाजी पूर्ण वाळवली, तरी सुमारे ४० ग्रॅम भुकटी उरेल. डब्यातला चमचा मात्र ५ ते १० ग्रॅमचा असतो. 'एका चमच्यात दिवसभराच्या भाज्या' हा दावा इथेच कोसळतो, पुढचे रसायनशास्त्र नंतर आले.

अमेरिकेत या पुडीची सुरुवात कोंबड्यांच्या खुराड्यातून झाली. चार्ल्स श्नाबेल या कृषिरसायनतज्ज्ञाने १९३० साली आजारी कोंबड्यांना गव्हाचे कोवळे गवत घातले. त्या सुधारल्या आणि अंडीही जास्त देऊ लागल्या. मग त्याने ते गवत वाळवून, दळून माणसांसाठी विकायला आणले. आज ज्याला आपण गव्हांकुराची पावडर म्हणतो, तिचा हा पूर्वज.

आवळा हे या यादीतले सर्वांत भक्कम उदाहरण. १०० ग्रॅम ताज्या आवळ्यात वेगवेगळ्या मोजण्यांनुसार २५० ते ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आढळले आहे. प्रौढ पुरुषाची रोजची शिफारस ८० मिलिग्रॅमची आहे. क जीवनसत्त्व मुळात हळवे. उष्णता, हवा, उजेड काहीच त्याला सोसत नाही. आवळ्यात ते बरेच टिकते, त्याचे श्रेय फळाच्या आंबटपणाला आणि तुरटपणा आणणाऱ्या टॅनिनवर्गीय द्रव्यांना दिले जाते. आजच्या हरियाणातल्या हिस्सारच्या १९३९-४० च्या दुष्काळात हिरड्यांतून रक्त येण्याचा स्कर्व्ही रोग पसरला, तेव्हा आवळ्याचा उपयोग झाला. त्या काळात कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत या विषयावर काम चालू होते. हीच संस्था १९५८ साली हैदराबादला गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. म्हणजे आवळा औषधासारखाही कामी येऊ शकतो. मात्र तिथे माणसांना त्या जीवनसत्त्वाची खरीच उपासमार होती. रोज लिंबू, पेरू खाणाऱ्याला आवळा पुडीने तसा चमत्कार दिसणार नाही.

शेवग्याच्या पाल्याची गोष्ट उलट आहे. 'संत्र्याच्या सातपट क जीवनसत्त्व, दुधाच्या चौपट कॅल्शियम' ही वाक्ये जवळजवळ प्रत्येक डब्यावर असतात. क जीवनसत्त्वाची तुलना ताज्या पानांची आहे. वाळवलेल्या पानांत ते बहुतांशी उडून जाते; नेहमी दिल्या जाणाऱ्या तक्त्यात १०० ग्रॅम पुडीत ते २० मिलिग्रॅमच्याही आत आहे. त्याच तक्त्यात प्रथिने सुमारे २७ ग्रॅम, लोह २८ मिलिग्रॅम आणि कॅल्शियम सुमारे २,००० मिलिग्रॅम दाखवले आहे. आकडे डोळे दिपवणारे खरे, पण शंभर ग्रॅम पूड कोण खातो? चहाचा एक चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम धरला, तर पदरात पडते १.३५ ग्रॅम प्रथिन, १.४ मिलिग्रॅम लोह आणि १०० मिलिग्रॅम कॅल्शियम. प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे. शिवाय पानांतले लोह शरीर तसे सहज उचलत नाही. सोबत लिंबू पिळले तर जास्त मिळते, वरून लगेच चहा घेतला तर कमी. भाकरीच्या पिठात किंवा वरणात ती मिसळणे शहाणपणाचे, कारण तेव्हा ती अन्नाचा भाग असते आणि तिच्याकडून कोणी फार अपेक्षा ठेवत नाही.

चांगली पूड ओळखायला डोळे आणि नाक पुरतात. सावलीत पातळ पसरून वाळवलेला पाला हिरवा राहतो आणि कुस्करला की कुरकुरतो. उन्हात टाकलेला किंवा जास्त तापवलेला खाकी पडतो, कारण हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो. कॅरोटीन, म्हणजे शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवते ते रंगद्रव्य, तेही तिथेच घटते. बरणीत गोळे झाले असतील, तर ओल शिरली आहे आणि बुरशीची शंका घ्यावी.

फळांची पूड करताना अडचण वेगळी येते. आंबा किंवा जांभळाचा रस साखरेमुळे चिकट असतो, तो नुसता फवारून वाळवला तर यंत्राच्या भिंतीला चिकटून बसतो. म्हणून त्यात माल्टोडेक्स्ट्रिन नावाचा स्टार्चपासून केलेला पदार्थ घालतात. तो निरुपद्रवी असला तरी रक्तातली साखर भराभर वाढवतो. मधुमेह्याने 'फळांची पावडर' घेताना घटकांची यादी वाचावी ती याचसाठी. गोठवून वाळवण्याची पद्धत सर्वांत सौम्य, आणि सर्वांत महाग. रसापासून केलेल्या पुडीत चोथा जवळपास नसतो, आणि फळ-भाजीच्या फायद्यातला मोठा हिस्सा त्या चोथ्याचाच असतो.

बिटाची पूड सध्या व्यायामशाळांत फार चालते, आणि तिच्यामागे थोडे शास्त्र आहे. बिटातील नायट्रेट जिभेवरचे जिवाणू नायट्राइटमध्ये बदलतात, पुढे शरीरात त्याचे नायट्रिक ऑक्साइड होते आणि रक्तवाहिन्या सैलावतात. रक्तदाब काही मिलिमीटरने उतरल्याचे चाचण्यांत दिसले आहे. गंमत म्हणजे जंतुनाशक माउथवॉशने चूळ भरली, तर हे जिवाणू मरतात आणि परिणाम नाहीसा होतो. बहुतेक चाचण्या रसाच्या आहेत. पुडीतले नायट्रेट डब्यागणिक बदलते. दुसऱ्या दिवशी लघवी लालसर दिसली तर घाबरू नये, तो बिटाचा रंग.

गव्हांकुराला 'हिरवे रक्त' म्हणण्याची पद्धत आहे. हरितद्रव्य आणि हिमोग्लोबिनातला हीम यांची घडण मिळतीजुळती आहे, म्हणून हे नाव. पण हरितद्रव्याच्या केंद्रात मॅग्नेशियम असते, हीममध्ये लोह, आणि शरीर एकापासून दुसरे बनवत नाही. स्पिरुलिना ही तर भाजीच नव्हे, निळा-हिरवा जिवाणू. तिच्यातले 'ब-१२' बहुतांशी माणसाला उपयोगी न पडणारे रूप असते, त्यामुळे शाकाहारी व्यक्तीने तिच्या भरवशावर राहू नये.

अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींची ऑक्सिडीकरणाने होणारी हानी रोखणारे द्रव्य, हा शब्द डब्यावर सर्वांत ठळक असतो. परीक्षानळीत मोजलेली ही क्षमता शरीरात तशीच उतरत नाही. अमेरिकेच्या कृषिखात्याने तिचा तक्ता २०१२ साली संकेतस्थळावरून काढूनच टाकला. फिनलंडमध्ये २९,००० हून अधिक पुरुष धूम्रपींवर झालेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गाजरातल्या बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या रोज २० मिलिग्रॅमच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला नाही, उलट १८ टक्क्यांनी जास्त आढळला. गाजर निर्दोष होते. त्यातून वेगळे काढून मोठ्या मात्रेत दिलेले द्रव्य तसे ठरले नाही.

काहींनी ही पूड डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पालेभाज्यांच्या पुडीत के जीवनसत्त्व भरपूर असते, त्यामुळे वॉरफरिनसारख्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा असर बिघडतो. पालक आणि बिटातले ऑक्झलेट मूतखडा झालेल्यांना नको. मूत्रपिंड अधू असलेल्यांना पोटॅशियम जड जाते. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर कारल्याची पूड घेतली तर साखर फार खाली जाऊ शकते, आणि ती एकटीच मधुमेह आवरते याला पुरेसा पुरावा नाही.

भारतात अशी उत्पादने अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांखाली येतात आणि डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची सूचना छापावी लागते. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार विक्रीपूर्वी परवानगी घ्यावी लागत नाही. 'मालकीचे मिश्रण' असे लिहून वीस जिन्नसांची एकत्र बेरीज दिली असेल, तर यादीत शेवटी असलेले डाळिंब किंवा ब्रोकोली चिमूटभरही नसण्याची शक्यता असते. कारण घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात.