पहाटे लागतो, दुपारी विझतो

डिसेंबरात सांगलीला जायचं असलं की आम्ही साताऱ्याहून पहाटेच निघतो. गेल्या खेपेला गाडी चालू केली आणि डॅशबोर्डवर टायरमधली हवा कमी असल्याचा पिवळा दिवा उमटला. घोड्याच्या नालासारखा आकार, आत उद्गारचिन्ह. चित्र खरं तर आडव्या कापलेल्या टायरचं आहे; खालची दातेरी रेघ म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग. पण नाल म्हटलं की सगळ्यांना लगेच कळतं. स्क्रीनवर चारही चाकांच्या हवेच्या दाबाचे आकडे २६ च्या आसपास होते. हवे होते ३३.

चार चाकं एका रात्रीत पंक्चर होत नाहीत. चक्कर मारून पाहिली, कुठे बसकं दिसेना. तसेच हळूहळू निघालो. कराड यायच्या आत दिवा आपोआप गेला. सांगलीत मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी पहाटे परत हजर.

गुन्हेगार थंडी होती, आणि तिच्या जोडीला मी. महिनाभरापूर्वी भर दुपारी, चाळीस-पन्नास किलोमीटर गाडी पळवून आल्यावर पंपावर हवा मारली होती. "किती मारू?" "तेहतीस." गेजवर तेहतीस आलं, विषय संपला. पण तेव्हा टायर तापलेला होता.

बंद जागेतल्या हवेचा दाब तिच्या तापमानाच्या प्रमाणात बदलतो. मात्र हे तापमान आपल्या सेल्सिअसमधलं धरून चालत नाही, निरपेक्ष शून्यापासून म्हणजे उणे २७३ अंशांपासून मोजावं लागतं. दाबाचंही तेच. गेजवरचे ३३ पीएसआय (दर चौरस इंचावर किती पौंड दाब, ते माप) हे बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचे. साताऱ्याच्या उंचीवर बाहेरची हवाच साधारण साडेतेरा पीएसआयने दाबत असते, म्हणजे टायरच्या आत खरे साडेसेहेचाळीस. आता समजा, हवा भरताना टायर ५० अंशांना होता आणि पहाटे १२ ला आला. २८५ भागिले ३२३ गुणिले साडेसेहेचाळीस, उत्तर एकेचाळीस. त्यातून साडेतेरा वजा केले की गेजवर उरतात साडेसत्तावीस. हवेचा एक कणही बाहेर न जाता साडेपाच पीएसआय गेले! त्यात धडधाकट टायरच्या रबरातूनही महिन्याला एखाद-दीड पीएसआय झिरपून जातो. झाले २६. निघाल्यावर टायर रस्त्यावर दबत-सुटत तापला, दाब वर गेला, दिवा विझला.

ढोबळ हिशोब असा धरा: दर दहा अंशांना दीड पीएसआय.

घाटाची भानगड त्याहून गमतीची. साताऱ्याहून वाई, मग पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर गाठलं की आपण साधारण सहाशे मीटर वर आलेलो असतो. तिथे बाहेरची हवा विरळ, तिचा दाब जवळजवळ एक पीएसआयने कमी. त्यामुळे टायरमध्ये काही न बदलता साधं गेज एक आकडा जास्त दाखवतं. वरची थंडी तो आकडा परत घेते. तेव्हा घाटावर बोट ठेवण्यात अर्थ नाही.

गाडीला हे कळतं कसं, याच्या दोन तऱ्हा आहेत. माझ्या गाडीत प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी एक सेन्सर आहे. आत पातळ पडदा, दाबाने तो वाकतो, वाकला की त्याचा विद्युत रोध बदलतो, आणि तो आकडा रेडिओ लहरींवरून गाडीला कळवला जातो. या तीसेक ग्रॅमच्या डबीचे हाल विचारू नका. ताशी शंभरच्या वेगाला रिमबरोबर गरगरताना तिच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या पावणेदोनशे पट जोर येतो, म्हणजे ती पाच किलोची असल्यासारखी ओढली जाते. वर तिची बॅटरी सीलबंद, बदलता न येणारी, पाच ते दहा वर्षं पुरवायची. म्हणून गाडी उभी असली की सेन्सर बहुतेक वेळ झोपून काढतो.

बॅटरी संपली किंवा टायर बदलताना सेन्सर मोडला, तर दिव्याची तऱ्हा वेगळी असते. गाडी चालू केल्यावर तो मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. याचा अर्थ यंत्रणाच आंधळी झाली आहे. हवा भरून उपयोग नाही. स्टेपनी लावल्यावरही असं होतं, कारण पुष्कळ गाड्यांच्या स्टेपनीत सेन्सर नसतो.

सांगलीच्या माझ्या मेहुण्याच्या गाडीत ही डबीच नाही. तिथे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएस यंत्रणेचे सेन्सर चाकांच्या फेऱ्या मोजतात. हवा कमी झालेलं चाक किंचित बसतं, त्याची त्रिज्या घटते आणि तेवढंच अंतर कापायला ते जरा जास्त फिरतं. किलोमीटरला साधारण पाचशे फेऱ्या, त्यात फरक जेमतेम दोन-चार फेऱ्यांचा! तो पकडणं मला आजही कौतुकाचं वाटतं. खोट एवढीच की गाडी चाकाची चाकाशी तुलना करते. चारही सारखीच उतरली तर यातल्या साध्या यंत्रणांना पत्ता लागत नाही.

"दाजी, बटण दाबलं की जातोय की दिवा," असं मेहुणा म्हणाला तेव्हा मी कपाळाला हात लावला. ते रीसेटचं बटण हवा भरत नाही. 'आत्ता जे आहे तेच बरोबर समज' असं ते गाडीला शिकवतं. हवा न भरता दाबलं की बसकं चाक हेच गाडीचं माप होऊन बसतं. आधी हवा, मग बटण.

दिवा लागायची मर्यादाही सैल आहे. २००० साली फायरस्टोन टायरांच्या अपघातांवरून अमेरिकेत कायदा झाला, तिथे दाब २५ टक्के खाली गेल्यावर इशारा देणं बंधनकारक आहे. युरोपात २० टक्के. म्हणजे ३३ च्या टायरला पंचवीस-सव्वीसपर्यंत दिवा गप्प राहू शकतो. आपल्याकडे २०२० च्या नियमबदलाने ही यंत्रणा, ट्यूबलेस टायर आणि पंक्चरचं किट असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांना स्टेपनीतून सूट मिळाली. ती सूट वापरणाऱ्याने या दिव्याशी तरी जमवून घ्यावं.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा आकडा थंड टायरचा असतो, निदान तीन तास उभ्या गाडीचा. टायरवर कोरलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा, तो भरायचा नसतो. पंप लांब असेल तर मी घरीच गेज लावतो. २९ दिसले, हवेत ३३, म्हणजे चार कमी. पंपावर पोहोचेतो ३१ झाले असले तर ३५ करायचे. तापलेल्या टायरमधून 'जास्त झाली' म्हणून हवा सोडू नये. पहाटेचा दिवा आपणच लावून ठेवल्यासारखं होतं ते. नायट्रोजनचं विचाराल तर साध्या हवेतच तो ७८ टक्के असतो. कोरडा असतो हा त्याचा गुण, पण थंडीत त्याचाही दाब असाच उतरतो.

त्याच खेपेला सांगलीत हवा भरून परतताना आष्ट्याच्या पुढे, ऊसगाड्यांच्या रांगेमागून बाहेर पडल्यावर दिवा परत लागला. या वेळी भर दुपारी. तीन चाकं ३५, मागचं डावं २५, आणि बघता बघता २४. हे थंडीचं काम नव्हतं. पेठ नाक्याला पंक्चरवाल्याने चाकावर साबणाचं पाणी ओतलं, एका खाचेत बुडबुडे धरले. पक्कडीने ओढून काढलेला खिळा त्याने माझ्या तळहातावर ठेवला: आखूड, चपट्या डोक्याचा, झिजून चकचकीत झालेला. "पत्रीचा हाय. ऊस सुरू झाला की रोज चार-पाच निघत्यात." बैलाच्या खुराला मारलेल्या नालाचा, म्हणजे पत्रीचा, निसटलेला खिळा. नालासारखा तो दिवा त्या दिवशी अगदी बरोबर चित्र दाखवत होता म्हणायचा.