‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला कितपत खरा?

महिला नेत्याच्या कपड्यांवर, आवाजावर, वयावर माध्यमांत शेरेबाजी झाली की तिचेच हितचिंतक सांगतात, ‘उत्तर देऊ नका, विषय उगाच वाढेल.’ सल्ला मायेचा आहे, पण पुरावा उलट आहे.

अमेरिकेत २०१० मध्ये जनमत पाहण्या करणाऱ्या सेलिंडा लेक यांच्या संस्थेने मतदारांपुढे एक काल्पनिक महिला उमेदवार आणि तिचा पुरुष प्रतिस्पर्धी ठेवला. लिंगभेदी शेरे ऐकवल्यावर तिचा पाठिंबा घसरला, अगदी सौम्य शेऱ्यांनीसुद्धा. पण त्यावर थेट आक्षेप घेतल्याचं ऐकवलं, तेव्हा गमावलेली मतं परत येऊ लागली. २०१३ च्या पाहणीत तर दिसण्याचं कौतुकही तिला महागात पडलं. ‘अहो, तारीफच केली की!’ हा बचाव तिथेच निकालात निघतो.

मार्च २०१७ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे आणि स्कॉटलंडच्या सरकारप्रमुख निकोला स्टर्जन भेटल्या. विषय होते ब्रेक्झिट, म्हणजे ब्रिटनचं युरोपीय संघातून बाहेर पडणं, आणि स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचं सार्वमत. ‘डेली मेल’ या ब्रिटिश वृत्तपत्राने पहिल्या पानावर काय छापलं? पाय कोणाचे सरस! यावर गप्प बसलं तर वाचकाच्या लक्षात पायच राहतात.

ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड ९ ऑक्टोबर २०१२ रोजी संसदेत स्त्रीद्वेषावर बोलल्या, तेव्हा तिथल्या अनेक राजकीय वार्ताहरांना भाषण फसल्यासारखं वाटलं. जगभर लाखो लोकांनी मात्र ते डोक्यावर घेतलं.

प्रत्येक वेळी भाषणच ठोकायला हवं असं नाही. शेरा गैर आहे एवढं स्पष्ट सांगायचं आणि मूळ मुद्द्यावर यायचं.