व्यायाम-सायकलवरील कॅलरीखर्च

जागेवरची सायकल मारताना शरीर किती ऊर्जा खर्च करते, याचा अंदाज बांधण्याच्या पद्धती. (येथे कॅलरी म्हणजे किलोकॅलरी.) बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात जून ते सप्टेंबर पाऊस लागला, की एरवी राकसकोप-जांबोटीकडे सायकल काढणारेही जिममध्ये पेडल मारताना दिसतात. मग पडद्यावरचा आकडा पाहून संध्याकाळी कुंदा खायचा की नाही, हे ठरते. त्या आकड्यावर एवढी भिस्त ठेवण्यापूर्वी तो कशावरून आला, हे पाहिलेले बरे.

सर्वांत सोपा हिशेब ‘मेट’चा. स्वस्थ बसलेले शरीर दर किलो वजनामागे तासाला साधारण १ कॅलरी खर्च करते. तो १ मेट. शारीरिक हालचालींच्या मेट-सूचीच्या २०११ च्या आवृत्तीत ९० ते १०० वॅट शक्तीने मारलेल्या जागेवरच्या सायकलला ६.८ मेट दिले आहेत. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीचा अर्ध्या तासाचा खर्च ६.८ × ६० × ०.५ = २०४ कॅलरी. याच रीतीने ९० किलोच्या व्यक्तीचा आकडा ३०६ येतो आणि इथेच ही पद्धत चकवते. धावताना वजन पायांवर पेलावे लागते. या सायकलवर ते बैठकीवर असते, त्यामुळे जाड्या-बारक्यांच्या खर्चातला फरक इतका मोठा नसतो. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचे सूत्र शक्ती आणि वजन वेगवेगळे धरते. त्यानुसार १०० वॅटला हेच आकडे अनुक्रमे सुमारे २२५ आणि २५७ येतात.

सायकलला वॅट मोजणारा मापक असेल तर हिशेब अधिक भरवशाचा. १०० वॅटने अर्धा तास म्हणजे १८० किलोज्यूल काम. १ कॅलरी सुमारे ४.१८ किलोज्यूलची, पण स्नायू खर्चलेल्या ऊर्जेपैकी २० ते २५ टक्केच पेडलपर्यंत पोचवतात, बाकीची उष्णता होते. त्यामुळे खर्च १७२ ते २१५ कॅलरींच्या दरम्यान पडतो. चारने भागायचे आणि पुन्हा चार-पाचने गुणायचे, म्हणून जाणकार किलोज्यूलचा आकडाच कॅलरी म्हणून वाचतात.

साध्या सायकलींत असा मापक नसतो. चाकाच्या फेऱ्या, वेळ आणि आधीच धरून ठेवलेले एखादे वजन यांवरून पडदा आकडा देतो. काहींना तर रेझिस्टन्सचा खटका किती आवळला आहे, हेही कळत नाही. खटका सैल सोडून भराभर पाय फिरवणाऱ्याची त्यावर चंगळ होते. एकाच सायकलवर, तोच खटका ठेवून कालच्या-आजच्या व्यायामाची तुलना करायला मात्र हा आकडा चालतो.

मनगटावरचे घड्याळ नाडीवरून अंदाज करते. उकाड्यात, पंखा नसलेल्या खोलीत काम तेवढेच राहूनही नाडी चढते आणि आकडा फुगतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये सात उपकरणे तपासली. नाडी बहुतेकांनी ठीक मोजली, पण ऊर्जाखर्चात सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले.

आणखी एक वजाबाकी सहसा राहून जाते. ६० किलोची व्यक्ती नुसती बसली असती तरी अर्ध्या तासात ३० कॅलरी गेल्याच असत्या. वजन घटवण्याचा हिशेब करताना २०४ ऐवजी १७४ धरणे रास्त.